रडण्याची चार कारणं

सरांचं खरं नाव सेमिनरीत कुणालाच आठवत नसे, आणि त्यात दोष सर्वस्वी सरांचा होता. शास्त्रातलं कुठलंही वचन समोर ठेवा, सर फळ्यापाशी उभे राहून चष्मा कपाळावर चढवायचे आणि सुरू व्हायचे, काहीजण असं म्हणतात. फळ्याचा एक कोपरा भरला की, काहीजण मात्र तसं म्हणतात. मग आणखी काहीजण यायचे, त्यांना खोडून काढणारे दुसरे काहीजण यायचे, तास संपल्याची घंटा व्हायची, आणि सरांचं स्वतःचं म्हणणं पुढच्या तासावर जायचं. पुढच्या तासाला नवीन वचन असायचं. पाळक व्हायला आलेल्या पोरांनी त्यांचं नावच पाडलं, काहीजण सर. सरांच्या ते कानावर आलं होतं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. त्या नावाच्या बाजूनंही थोडंफार बोलता येईल, असं त्यांचं मत पडलं.

माणसाला दुःख का होतं आणि मरण का येतं, यावर ख्रिस्ती विचारवंतांनी आजवर जे जे लिहिलं ते सगळं सरांच्या डोक्यात कप्पे पाडून लावलेलं होतं. दुःख ही पापाची शिक्षा म्हणणारे एका कप्प्यात. दुःख ही भट्टी आहे, माणूस त्यातून तावूनसुलाखून निघतो म्हणणारे त्याच्या खाली. एक जुने बिशप म्हणायचे की वाईटाला स्वतःचं अस्तित्वच नाही, कापडाला भोक पडावं तसं ते चांगल्याचं नसणं आहे. त्यांच्याही आधीचे एक म्हणायचे की माणूस अजून कच्चा आहे आणि जग ही त्याची शाळा आहे. कुणी म्हणे मरण हा शत्रू. कुणी म्हणे मरण ही दया, नाहीतर माणसाचा वाईटपणा अमर झाला असता. आणि अलीकडचे, मोठाली युद्धं डोळ्यांनी पाहिलेले, म्हणत की देव वर बसून गंमत बघत नाही, तो आपल्याबरोबर सोसतो. सर सगळ्यांना सारख्याच मायेनं वागवायचे. एखाद्या पोरानं पेपरात जोरात ‘हेच खरं’ असं लिहिलं, की मार्क कापायचे.

या माणसाला भिडणारं जगात एकच होतं, त्यांची मोठी बहीण. ताईंनी उभा जन्म सेमिनरीच्या छापखान्यात प्रुफं तपासली, आणि सरांची सगळी पुस्तकं त्यांच्याच नजरेखालून गेली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, जिथे सर सगळ्यांची मतं मांडून अलगद नामानिराळे होत, तिथे ताई समासात पेन्सिलीनं लिहायच्या, ‘आणि तुझं?’ सर ते खोडरबरानं पुसायचे आणि प्रुफ परत पाठवायचे. पुढच्या पुस्तकाला परत तेच. छापखान्यातल्या माणसांना वाटे, ही प्रुफं तपासण्याचीच काहीतरी खूण असणार.

दोघं एकाच इमारतीत राहायची, ताई वर, सर खाली. ताईंचे यजमान कधीच गेले होते, मुलगा परदेशात. सरांची बायको गेली तेव्हा दफनविधीला प्रवचन सरांनी स्वतःच केलं. मरणाविषयीचे प्रमुख दृष्टिकोन मांडले, क्रम सोडला नाही, आवाज कापला नाही. मंडळी म्हणाली, काय धीराचा माणूस. ताईंनी त्या दिवशी संध्याकाळी जिन्यातून हाक मारली, जेवायला ये म्हणून, आणि तेव्हापासून सर रोज संध्याकाळी वर जेवत आले. जेवताना ताई त्यांची यथेच्छ टर उडवत. सर म्हणाले सूप अळणी झालंय असं वाटण्याची शक्यता आहे, की ताई म्हणत, शक्यता कसली, मीठ घे आणि गप्प गिळ.

तर अशा या ताईंच्या काळजाची झडप निकामी झाली.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. ऑपरेशन केलं तर पुढे चांगली वर्षं मिळतील, पण या वयात टेबलावरच काही बरंवाईट होण्याची भीती आहे. नाही केलं तर दुखणार फारसं नाही, हळूहळू दमत जाल, आणि मग एक दिवस संपेल. निर्णय तुमचा, असं त्या म्हणाल्या. मुलगा फोनवर म्हणाला, आई, तुला योग्य वाटेल ते कर, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, जाताना म्हणाले, प्रभूची इच्छा असेल तसं. सगळेच किती समजूतदार. ताईंनी सगळ्यांचे आभार मानले, आणि भाऊ हॉस्पिटलात भेटायला आला तेव्हा त्याला विचारलं, “मी काय करू रे?”

आता दुसरा कुणी भाऊ असता तर तिथल्या तिथे काहीतरी बोलून गेला असता, हो नाहीतर नाही. आमचे सर म्हणाले, विचार करून सांगतो. आणि हसू नका, घरी जाऊन त्यांनी खरोखर टिपणं काढली. बहीण विचारतेय जगू की मरू, आणि हा बाबा मुद्दे, उपमुद्दे आणि तळटीपा करत बसला. त्यांना वाटत होतं आपण ताईंसाठी जीव तोडून काम करतोय. खोटं नव्हतं ते. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला सर बरोबर हजर झाले. वॉर्ड लांबट होता, भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या, खाटांमध्ये जेमतेम एक स्टूल मावेल एवढी जागा. शेजारच्या खाटेवर एक बस चालवणाऱ्या बाई होत्या, पाय प्लास्टरमध्ये घालून वर टांगलेला, आणि करमणुकीला काहीच नव्हतं. सरांनी कागद काढले तशा त्या कुशीवर वळता येईल तेवढ्या वळल्या.

सरांनी सुरुवात शास्त्रातल्या, राखेत बसलेल्या त्या नीतिमान माणसापासून केली, ज्याचं सगळं गेलं आणि ज्याला समजवायला मित्र आले. मित्र सुरुवातीला काही दिवस त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, तोंडातून शब्द काढला नाही, आणि मग बोलायला लागले. तू काहीतरी पाप केलं असणार, असं त्यांचं म्हणणं. बसवाल्या बाईंना ही शिक्षेची बाजू एकदम पटली. त्यांच्या सासूचा पायही असाच मोडला होता आणि तो कशामुळे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. सर नम्रपणे म्हणाले की पण बाई, पाय तुमचाही मोडलाय. बाई जराशा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, मग पुढचं वाचा.

ताई उशाला टेकून ऐकत होत्या. मधेच त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि पेन्सिल मागितली. सरांना वाटलं काही महत्त्वाचं सुचलं. ताईंनी दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला.

“वाच पुढे. तो रडण्याचा भाग आला का?”

तो भाग सरांचा आवडता होता. प्रभूचा मित्र वारला, प्रभू उशिरा पोचले, आणि कबरीपाशी उभे राहून रडले. आता गंमत अशी, की आणखी थोड्या वेळानं ते त्या मित्राला हाक मारून जिवंत करणार होते, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मग रडायचं कशाला? यावर किती शाई सांडलीय काय सांगावं. काहीजण म्हणतात, जमलेल्या लोकांचा विश्वास नव्हता म्हणून ते व्यथित झाले. काहीजण म्हणतात, आपण खरोखर माणूस आहोत हे दाखवायला. तिसरे म्हणतात, रडावं पण किती रडावं याचा धडा आपल्याला घालून द्यायला. सर इथे थांबले, पान उलटलं. आणि चौथं मत, तसं कमी जणांचं, असं की मित्र मेला म्हणून ते रडलेच नाहीत. तो सुटला होता, शांत झोपला होता. त्याला या त्रासात परत बोलवावं लागणार म्हणून ते रडले.

ताई उशीवरून जराशा उठल्या.

“हा कोण होता?”

सरांनी नाव सांगितलं, कुठल्या काळातला, कुठल्या मठातला तेही सांगितलं.

“शहाणा होता. बाकीचे तिघं तुझ्यासारखे, पण हा माणसांत वावरलेला दिसतोय.” ताई परत टेकल्या. “बिचारा एकदा त्यातून पार पडला होता. मेला, झालं, सुटला. तर ह्यांनी आरडाओरडा करून उठवलं. म्हणजे पुन्हा आजारी पडायचं, पुन्हा मरायचं. मला नाही बाबा ते. उद्या सकाळी डॉक्टरीणबाई राउंडला येतील तेव्हा नाही म्हणून सांगते.”

सरांनी वाचायचं सोडून कागद घाईघाईनं मिटले. आणि मग काय म्हणावं या माणसानं? म्हणाले, हो, तसाही अर्थ निघू शकतो.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या की वेळ संपत आली, जा आता, पाऊस यायच्या आत घर गाठ. पावसाचं काही चिन्ह नव्हतं. बसवाल्या बाईंनी तोंड भिंतीकडे केलं आणि सर उठून चालू लागले.

संध्याकाळी ते सवयीनं वर गेले. किल्ली त्यांच्याकडे होती. कुंड्यांना पाणी घातलं, स्वयंपाकघरात अंडं उकडायला ठेवलं, ते फुटलं आणि पाण्यात पांढऱ्या चिंध्या झाल्या. तेच ताटलीत घेऊन ते टेबलाशी बसले. समोरची खुर्ची रिकामी. मीठ मागायला कुणी नाही, गप्प गिळ म्हणायला कुणी नाही. सरांना घास उतरेना, आणि मग त्यांना राग आला. आयुष्यात प्रथमच त्यांना एका विचारवंताचा राग आला, त्या चौथ्याचा. मोठा शहाणा लागून गेला! कबरीतला माणूस सुखात होता हे याला कुणी सांगितलं? बाहेरच्यांना विचारलं होतं का यानं?

आणि बाहेरचे म्हणजे कोण, हे मनात आल्याबरोबर सर खुर्चीत ताठ झाले. बाहेर त्या माणसाच्या दोन बहिणी होत्या. प्रभू आल्याबरोबर दोघींनी त्यांना तोंडावर सुनावलं होतं, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. ना मुद्दा ना उपमुद्दा. आणि त्यातली एक रडायला लागली, ते पाहून प्रभूंना रडू आलं. वचनात स्पष्ट होतं. सरांनी ते वर्षानुवर्षं शिकवलं होतं. प्रभू का रडले यावर त्यांच्याकडे कपाटभर मजकूर होता, पण ती बहीण का रडली यावर एकानंही पान खर्ची घातल्याचं त्यांना आठवेना. लिहिणार काय? भाऊ गेला होता.

सर त्या रात्री झोपले की नाही कोण जाणे. सकाळी भेटीची वेळ नसताना ते हॉस्पिटलच्या दारात हजर होते, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. रखवालदारानं हटकलं. सर म्हणाले, मला आत जायचंय. कशासाठी, तर सांगता येईना. इतकी वर्षं बोलून खाल्लेला माणूस, तिथे ततपप करायला लागला. शेवटी वॉर्डातली सिस्टर ड्यूटीवर येत होती तिनं ओळखलं, म्हणाली, सोडा हो यांना, कालचे ते वाचून दाखवणारे काका आहेत.

ताई चहा पीत होत्या. सर स्टुलावर बसले नाहीत.

“ताई, ऑपरेशन कर.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

बसवाल्या बाईंनी पेपर खाली घेतला. ताईंनी कप बशीत ठेवला आणि विचारलं, आधार काय. खवचट बाई. सरांनी खिसे चाचपले, खिशात काहीच नव्हतं.

“आधार नाही. मला तू हवी आहेस. मला तिथे एकट्याला जेवायला बसवत नाही. आई गेली तेव्हा तू होतीस, ही गेली तेव्हा तू होतीस, आता तू गेलीस तर मी कुणाकडे जाऊ? मला नाही चालणार. तू सुटशील गं, पण माझं काय?”

“म्हणजे तुझ्या जेवणासाठी मी माझी छाती फाडून घेऊ?”

“हो,” सर म्हणाले.

सगळ्या वॉर्डानं ऐकलं. एवढं आपमतलबी उत्तर सरांनी जन्मात दिलं नसेल, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते परत घेण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता. ताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना धाप लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही हसण्याचं राहिलं नाही. सरांनी घाबरून सिस्टरला हाक मारली. ताईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

“सगळ्यांनी मला रजा देऊन टाकली रे. लेकानं दिली, पाळकांनी दिली, काल तूसुद्धा दिलीस. इतक्या शहाणपणानं दिलीत सगळ्यांनी. एकानं तरी अडवायला नको होतं?”

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ताईंनी ऑपरेशनला हो म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नीट विचार केलात ना? ताई म्हणाल्या, विचार कसला, हा हट्टाला पेटलाय.

ऑपरेशनच्या दिवशी ताईंना ढकलगाडीवर झोपवलं. चष्मा आणि कवळी काढून डबीत घातली होती आणि डबी सरांच्या हातात होती. दातांशिवाय ताई एकदम लहान आणि एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. सर गाडीबरोबर चालत होते आणि त्यांच्या मनात सारखं येत होतं, की ही आपण होऊन निघाली नव्हती, आपण हिला जायला लावलं. दारापाशी गाडी थांबली. ताईंनी बोळक्यानं विचारलं, मी नाही आले परत, तर दफनविधीला तूच बोलणार का? सर म्हणाले, नाही, पुढच्या बाकावर बसून रडेन. ताईंनी मान हलवली, हे त्यांना पसंत पडलेलं दिसलं. गाडी आत गेली.

बाहेरच्या बाकावर सर डबी धरून बसले. त्यांनी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण इतकी वर्षं देवाविषयी बोलून देवाशी बोलायची सवय मोडली होती. मग त्या दोन बहिणींसारखंच त्यांनी सरळ सांगून टाकलं, की ही गेली तर मी तुला बोल लावणार. याला प्रार्थना म्हणावं का, यावर मतं काय आहेत, हे त्यांनी आठवून पाहिलं नाही.

ताई वाचल्या. डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या, सगळं नीट झालं म्हणाल्या, आणि सर डबी छातीशी धरून आनंदानं हसत सुटले. दुसऱ्या दिवशी त्यांना हिरवा अंगरखा घालून आत सोडलं.

आत गेले आणि आनंद तिथेच गोठला. नाकात नळी, मानेत नळी, छातीवरच्या पट्टीखालून आणखी दोन नळ्या. ताईंचे ओठ फुटले होते. श्वास घेतला की त्या कण्हत होत्या, आणि श्वास तर घ्यायचाच होता, सारखा. सरांनी असं दुखणं पाहिलं नव्हतं. बायकोच्या वेळीही डॉक्टरांशी बोलायला ते बाहेरच थांबायचे. त्यांना वाटलं, ही हळूहळू दमून शांत निघून गेली असती. ह्यातलं काही हिच्या वाट्याला आलं नसतं. मी ओढून आणलं हिला परत, मला एकट्याला जेवायला बसवत नाही म्हणून. आणि इतक्या वर्षांचं साठलेलं, बायकोसकट, सगळं एकदम वर आलं. सर खाटेचा दांडा धरून हमसून हमसून रडायला लागले. सिस्टर दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

तो चौथा माणूस बरोबर होता तर. मठात बसून त्यानं हे उगाच रचलं नव्हतं. त्यानंही कधीतरी कुणाला तरी, जाऊ नकोस, असं म्हटलं असणार.

ताईंनी डोळे उघडले.

“फार दुखतंय का गं?” सरांनी विचारलं.

“फार.”

“माझ्यामुळे झालं हे. मीच बोलावलं तुला.”

ताईंनी कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. बोलायला त्यांना वेळ लागला.

“बोलावलंस ना,” त्या म्हणाल्या. “मग आता बस इथे.”

सरांनी स्टूल ओढलं आणि बसले.